आधी मेमरी साफ करा

सॉफ्टवेअरच्या लाइनमधले चार जुने लोक एकत्र बसले की पहिला चहा येईपर्यंत सगळे सभ्यपणे बोलतात. मुलं काय करतात, गुडघे कसे आहेत, वगैरे. दुसऱ्या चहाला कुणीतरी म्हणतं, "आमच्या ऑफिसात एकदा काय झालं..." आणि मग कुणाचं कुणी ऐकत नाही. हे किस्से माळ्यावरच्या रिकाम्या डब्यांसारखे साचतात. टाकवत नाहीत, आणि कामालाही येत नाहीत.

माझ्याकडचे सगळे किस्से सुरतचे, नव्वदच्या दशकातले. लोक ऐकून हसतात. मीही हसत हसतच सांगतो. पण त्यातल्या निम्म्यांचा मला अजून राग येतो, हे आधीच सांगून टाकतो. नंतर म्हणू नका, भटू म्हातारपणी कडवट झाला. मी तेव्हाही कडवटच होतो!

आमचं ऑफिस रिंग रोडवर, एका टेक्स्टाइल मार्केटच्या वरच्या मजल्यावर. एका बाजूला साड्यांचं गोडाउन, दुसऱ्या बाजूला लेस-बॉर्डरवाला, मधे आम्ही. मालक जयंतीभाई. त्यांना सगळे शेठ म्हणायचे. त्यांचा भाचा हितेन हा प्रोग्रामर. प्रोग्राम त्यानं लिहायचा आणि आम्ही दोघांनी तपासायचा. दोघं म्हणजे एक मी, भटू सोनवणे, राहणार भेस्तान, वडील लूमवर. आणि दुसरी सुनंदा मोरे, राहणार उधन्याच्या रेल्वे क्वार्टरमध्ये, वडील रेल्वेत. दोघांत मिळून एक कॉम्प्युटर, एक खुर्ची आणि एक स्टूल. खुर्चीवर सुनंदा, स्टुलावर मी. हे असं ठरलं नव्हतं, पण जिला जास्त कळतं तिनं खुर्चीवर बसावं एवढी अक्कल मला होती.

एकदा शेठनं सगळ्यांसमोर तिला शब्द दिला होता. भेस्तानच्या एका साड्या रंगवणाऱ्या प्रोसेस हाउससाठी आम्ही रंगाचा प्रोग्राम करत होतो. शेठ म्हणाले, "सुनंदाबेन, ए प्रोग्राम पास थाय एटले तमे प्रोग्रामर! टेबल जुदुं, कॉम्प्युटर जुदुं!" वेगळं टेबल, वेगळा कॉम्प्युटर! पण सुनंदाला टेबलाचं काही नव्हतं. तिचे वडील त्या वर्षी रिटायर होणार होते, क्वार्टर सोडावं लागणार होतं. प्रोग्रामर म्हणून एकदा नाव लागलं की दुसरीकडे कुठेही नोकरी मिळते. तपासणारीला बाजारात कुणी विचारत नाही.

तर हे डोक्यात ठेवा. आता किस्से.

*

पहिला हितेनचा. हितेन माणूस वाईट नव्हता. फक्त त्याला वाटायचं की कॉम्प्युटर आपलं ऐकतो.

त्या काळी आमच्या प्रोग्रामिंगच्या भाषेत एक खोड होती. प्रोग्रामचे तुकडे असायचे, त्यांना मॉड्यूल म्हणायचे. कॉम्प्युटरनं एखादं मॉड्यूल एकदा डिस्कवरून वाचलं की त्याची प्रत तो मेमरीत ठेवायचा आणि पुढे तीच चालवायचा. तुम्ही डिस्कवर जाऊन चूक दुरुस्त करा, सेव्ह करा, काही करा, हा पठ्ठ्या मेमरीतलं जुनंच चालवणार! म्हणजे भाजी खारट झाली म्हणून बायकोनं नवी करून ओट्यावर झाकून ठेवावी, आणि आपण ताटातलीच खात "अजून खारट आहे, अजून खारट आहे" म्हणत बसावं. नवं वाचायला लावायचं तर एक हुकूम टाइप करून आधी मेमरी साफ करायची, मग मॉड्यूल परत लोड करायचं. अर्ध्या मिनिटाचं काम.

हितेनला ते अर्धं मिनिट नको असायचं. एकदा स्टॉकच्या हिशेबात कापडाचे ताके दुप्पट दिसत होते. त्यानं दुरुस्ती केली, प्रोग्राम चालवला. ताके दुप्पटच. मग त्यानं दोननं भागलं. तरी दुप्पट. परत भागलं. मग कुठेतरी काहीतरी वजा केलं. दुपारभर तो दुरुस्तीवर दुरुस्ती चढवत होता आणि स्क्रीनवर आकडा ढिम्म हलत नव्हता.

सुनंदा दोनदा म्हणाली, "हितेनभाई, आधी मेमरी साफ करा."

"हा हा, करूं छूं," म्हणत तो भागाकार करत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉम्प्युटर चालू केला, तर सगळ्या दुरुस्त्या एकदम लागू! गोडाउनमध्ये ताके उणे झाले होते. म्हणजे कापड नव्हतंच, उलट आपणच कुणाचं तरी कापड गिळलेलं.

सुनंदानं फाइल उघडून वाचली आणि म्हणाली, "तुमची पहिलीच दुरुस्ती बरोबर होती."

हितेन भडकला. "तो पहेलां केम न कीधुं?" आधी का नाही सांगितलं!

शेठ केबिनमधून ऐकत होते. ते बाहेर आले आणि हितेनकडे नाही, सुनंदाकडे बघून म्हणाले, "बेन, सांगायचं तर जरा मोठ्यानं सांगायचं ना!"

*

आमच्या घरी माझं काम कुणाला कळत नव्हतं. आई शेजारणींना सांगायची, भटू कॉम्प्युटरवर आहे. एका रविवारी वडिलांनी मला समोर बसवलं. लूमच्या खडखडाटात आयुष्य गेल्यामुळे ते घरातही ओरडूनच बोलायचे.

"नेमकं काय करस रे तू तठे?"

मी समजावलं. हितेनभाई प्रोग्राम लिहितात, त्यात चुका असतात, त्या मी शोधतो आणि त्यांना सांगतो.

"म्हंजे दुसरास्न्या चुका काढाना पगार भेटस तुले?"

"हो."

 वडील आईकडे बोट दाखवून म्हणाले, "हाई काम ते तुनी माय फुकट करस!"

आई लसूण सोलत होती. ती मान वर न करता म्हणाली, "आनि सुधारस का कोनी?"

ऑफिसात मी हे सुनंदाला सांगितलं, तेव्हा ती हसून हसून स्टुलाला धरून बसली. तिचं असं हसणं मी ऑफिसात फार वेळा पाहिलं नाही.

*

आता कामरेजचा किस्सा. हा उलटा आहे.

कामरेजला एक यार्नवाला होता. त्याच्या सुताच्या बॉक्सच्या नोंदींचा प्रोग्राम हितेननं केला. त्यात शेवटच्या क्षणी त्यानं एक बदल केला, एकदा चालवून बघितला, मस्त चालला. "भटूभाई, फ्लॉपी लो अने जाओ."

सुनंदा म्हणाली, "आम्ही तपासू का एकदा?"

"मी चालवून बघितलंय ना!"

मी एसटीनं कामरेजला गेलो. यार्नवाल्यानं आधी ऊस-लिंबाचा रस पाजला, घरच्यांना बोलावून आणलं, कॉम्प्युटरला हार घातला. मी फ्लॉपी टाकली. प्रोग्राम उघडला आणि पहिल्याच एन्ट्रीला मेला. परत उघडला, परत मेला. घरचे लोक एकेक करून आत निघून गेले. हार तसाच.

झालं होतं असं, की हितेननं ऑफिसात जे चालवून बघितलं ते मेमरीतलं जुनं, चांगलं मॉड्यूल. आणि फ्लॉपीवर भरलं ते डिस्कवरचं नवं, मोडकं! म्हणजे तपासलं एक आणि पाठवलं दुसरंच.

कारखान्यासमोर रस्त्यापलीकडे एसटीडी बूथ होतं. मी तिथून ऑफिसला फोन लावला. सुनंदानं फोनवर एकेक ओळ सांगायची, मी ती पाठ करत रस्ता ओलांडायचा, टाइप करायची, काय झालं ते बघायचं आणि परत धावत बूथवर. मधे ट्रक, उसाच्या बैलगाड्या, एकदा वरात. बूथमधल्या रांगेतले लोक सुरुवातीला वैतागले, मग त्यांना त्यात रस वाटायला लागला. एकजण मला लांबूनच विचारायचा, "थयुं?" झालं का? मी मान हलवायचो, नाही. शेवटी प्रोग्राम चालला आणि मी दारातून हात वर केला, तेव्हा बूथवर टाळ्या पडल्या!

यार्नवाल्यानं विचारलं, फोनवर कोण होतं? मी सांगितलं, आमच्या सुनंदाबेन.

"तो ए बेनने ज मोकलवी हती ने!" तो म्हणाला. मग तिलाच पाठवायचं होतं ना!

मी हे परत येऊन शेठना जसंच्या तसं सांगितलं. मला वाटलं, तिचं नाव होईल.

शेठ म्हणाले, "तिला पाठवलं तर इथे चुका कोण काढणार?"

*

सुनंदा आली होती टायपिस्ट म्हणून. तेव्हा शेठला टायपिस्ट हवी होती आणि तिनं कॉम्प्युटरचा कोर्स केला होता. महिनाभरात ती टाइप करता करता प्रोग्राममधल्या चुका दाखवायला लागली, पुढे त्या दुरुस्तही करायला लागली. टायपिंग तर कधीच बंद झालं. ऑफिसात तिला कुणी टायपिस्ट म्हणत नव्हतं. शेठ सोडून.

गिऱ्हाईक आलं की शेठ ओळख करून द्यायचे. "हा माझा भाचा हितेन, प्रोग्रामर. हे भटूभाई. आणि ह्या आमच्या टायपिस्ट."

मी एकदा हिंमत करून म्हणालो, "शेठ, त्या आता टायपिंग करत नाहीत."

शेठ एकदम काळजीत पडले. "केम? हाथ दुखे छे?"

*

आमचा तपासायचा कॉम्प्युटर ऑफिसातला सगळ्यात म्हातारा. त्याच्या आतली घड्याळाची बॅटरी मेली होती, त्यामुळे रोज सकाळी त्याला वाटायचं की आज एक जानेवारी एकोणीसशे ऐंशी. हे ऐकायला गमतीचं वाटतं. पण जुनं मॉड्यूल कुठलं आणि नवं कुठलं हे तो कॉम्प्युटर फाइलवरच्या तारखेवरूनच ठरवायचा. आज केलेल्या दुरुस्तीवर ऐंशी सालची तारीख पडली, की तो म्हणायचा ही जुनी, आणि कालची चूक तीच नवी! मेमरी साफ केली तरी चुकीचंच वाचायचा.

म्हणून सुनंदा रोज सकाळी आल्यावर पहिल्यांदा तारीख-वेळ हातानं घालायची. एखाद्या दिवशी ती रजेवर असली आणि मी विसरलो, की दिवसभराचं काम वाया.

आम्ही शेठकडे गेलो. म्हटलं, एक बॅटरी आणू या. छोटी असते, गोल, बटणासारखी.

"तारीख बघायला बॅटरी?" शेठनं भिंतीकडे हात केला. तिथे एका रंगवाल्याचं कॅलेंडर लटकत होतं. "ते काय आहे?"

*

आता रंगाच्या प्रोग्रामचा किस्सा. हा थोडा लांब आहे, आणि ह्यात हसण्यासारखं फार नाही. तरी लोक हसतात.

प्रोसेस हाउसमध्ये जिथे रंग कालवतात त्या खोलीला कलर किचन म्हणतात. कुठल्या लॉटला कुठला रंग किती ग्रॅम घालायचा, हे तोपर्यंत तिथला रंगाचा मास्टर आपल्या अंदाजानं सांगायचा. ते आता कॉम्प्युटर सांगणार होता. मालक मगनभाई भाविक माणूस. त्यांनी प्रोग्राम सुरू करायला दिवाळीनंतरच्या लाभपाचमचा मुहूर्त काढला.

सुनंदा म्हणाली, "शेठ, हितेनभाईंच्या मॉड्यूलमध्ये अजून चूक आहे. लॉट दोन मशीनमध्ये वाटला की गडबड होते. मी ते पूर्ण नव्यानं लिहितेय. चार दिवस द्या."

"मुहूर्त कुणासाठी थांबतो का?" शेठ म्हणाले.

लाभपाचमला आम्ही सगळे कलर किचनमध्ये. कॉम्प्युटरवर कुंकवाचा साथिया, म्हणजे स्वस्तिक, समोर नारळ, महाराज मंत्र म्हणतायत. एंटर कुणी दाबायचं? शेठनं हितेनला पुढे केलं. मगनभाईंनी त्याला टिळा लावला, मला टिळा लावला, आणि सुनंदापाशी येऊन, टिळा न लावताच, थाळी बाजूच्या बाईकडे दिली. सुनंदा एक पाऊल मागे सरून उभी राहिली. अशा वेळी कारण कुणी बोलून दाखवत नाही. मला तेव्हा काहीतरी बोलायला सुचायला हवं होतं. सुचलं ते घरी आल्यावर.

हितेननं एंटर दाबला, टाळ्या झाल्या. आणि मगनभाईंनी जाहीर केलं, "मुहूर्तात चालू केलंय. हवे बंद नहीं करवानुं!" म्हणजे कॉम्प्युटर तर नाहीच, पण प्रोग्राममधून बाहेरही पडायचं नाही. गिरणीला स्वतःचं जनरेटर होतं, वीज जायचा प्रश्न नव्हता. चोवीस तास तो प्रोग्राम तसाच उघडा.

म्हणजे मेमरीत कुठलं मॉड्यूल? हितेनचं. चुकीचं.

आठवड्याभरातच राणी कलरचा एक लॉट दोन मशीनमध्ये वाटला गेला. प्रोग्रामनं पहिल्या मशीनला अर्ध्या लॉटचा रंग सांगितला आणि दुसऱ्याला पूर्ण लॉटचा. अर्ध्या साड्या राणी कलरच्या आल्या आणि अर्ध्या पिकलेल्या जांभळाच्या! मास्टर दोन्ही साड्या दोन खांद्यांवर टाकून ऑफिसात आला.

तोपर्यंत सुनंदाचं मॉड्यूल तयार झालं होतं. ते घेऊन आम्ही भेस्तानला गेलो. वायरनं जोडलेल्या शेजारच्या कॉम्प्युटरवरून ते डिस्कवर टाकताही आलं. आता फक्त एकदा बाहेर पडायचं, मेमरी साफ करायची आणि परत लोड करायचं.

"ना ना," मगनभाई आडवे आले. "बंद नहीं."

"काका, अर्धं मिनिट," सुनंदा म्हणाली. "बंद करून लगेच चालू."

"अखंड दिवो लावलाय बेन. तो विझवून परत लावतात का?"

"तेल घालायला तरी हात लावू द्या!"

नाही म्हणजे नाही. नवं मॉड्यूल डिस्कवर पडून, मेमरीत जुनंच सुरू. पुढचा वाटलेला लॉट आला, परत जांभळं. मगनभाईंचा शेठना फोन, "तमारा बेननो सुधारो चालतो नथी." तुमच्या बेनची दुरुस्ती चालत नाही! शेठ सुनंदावर चिडायचे, सुनंदा परत भेस्तानला जायची, परत तेच. बाहेर पडू द्या, नाही. मी एकदा म्हटलं, गुपचूप बंद करून टाकू. ती म्हणाली, "भटूभाऊ, चोरून केलं तर उद्या बिघडलेल्या सगळ्याच साड्यांचा आळ माझ्यावर येईल." खरं होतं ते.

शेठ एकदा केबिनमधून मला ऐकू जाईल अशा आवाजात तिला म्हणाले, "असं असेल तर प्रोग्रामर कसं करायचं, तुम्हीच सांगा." ती बाहेर आली आणि सरळ कामाला बसली. तिचे वडील त्याच आठवड्यात घरं बघत लिंबायतला फिरत होते.

मग एका दुपारी गिरणीचं जनरेटर बंद पडलं. नेमकी तेव्हाच बाहेरची वीजही गेलेली. कॉम्प्युटर गप्प!

मगनभाईंना धक्का बसला. घाईघाईनं महाराजांना बोलावणं, नवा मुहूर्त, नवा नारळ. पहिल्या वेळी ज्याच्या हातानं झालं होतं त्यालाच बोलवा, म्हणून हितेनला गाडी पाठवली. आम्हाला कुणी बोलावलं नाही, मी हितेनची बॅग धरायला म्हणून गेलो. वीज आली. हितेननं एंटर दाबला. कॉम्प्युटरनं डिस्कवरून मॉड्यूल वाचलं. पहिल्यांदाच सुनंदाचं.

पुढचा लॉट दोन मशीनमध्ये वाटला. मास्टरनं दोन्हीकडच्या साड्या उजेडात नेऊन शेजारी शेजारी धरल्या. कुठली कुठल्या मशीनची ते सांगता येईना.

मगनभाईंनी हितेनचे दोन्ही हात हातात घेतले. "हितेनभाईना हाथमां जश छे!" हाताला यश आहे म्हणे.

मी म्हटलं, "काका, हे सुनंदाबेननी लिहिलेलं..." पण तोपर्यंत पेढे आले होते.

प्रोग्राम पास झाला. सुनंदा केबिनमध्ये गेली. दार उघडंच होतं, मी मुद्दाम उघडं ठेवलं होतं. शेठनं दिलेल्या शब्दाची तिनं त्यांना आठवण करून दिली. आवाज अजिबात चढवला नाही.

शेठ म्हणाले, "पण तुमचा सुधारो तर चालला नव्हता ना, बेन."

"चालला शेठ. तोच चालतोय. तो पहिल्यापासून डिस्कवर पडून होता, फक्त लोड करू दिला नाही."

शेठनं गोडाउनच्या भिंतीकडे मान वळवली. "पडून तर तिकडे पण खूप माल असतो."

मी ते आजवर विसरलेलो नाही आणि विसरायची माझी इच्छाही नाही.

*

शेवटचा किस्सा लहान आहे.

रंगाचा प्रोग्राम पास झाला तसा त्याचा बोलबाला झाला. कतारगामचा एक मोठा पार्टीवाला, म्हणजे बडं गिऱ्हाईक, बघायला आला. रंगाचं मॉड्यूल उघडलं की स्क्रीनच्या खाली एका ओळीत लिहिणाऱ्याचं नाव यायचं. ही पद्धत हितेननंच पाडली होती, आणि सुनंदानं मॉड्यूल नव्यानं लिहिलं तेव्हा तिनंही ती पाळली होती. पार्टीवाला चष्मा सरकवून वाचत म्हणाला, "आ सुनंदा मोरे कोण?"

"भूलथी रही गयुं," शेठ हसत म्हणाले. चुकून राहिलंय. पार्टीवाला म्हणाला, बरं, मी माझ्या भागीदाराला घेऊन येतो, जेवून.

तो जिना उतरला आणि शेठनं हितेनला सांगितलं, तुझं नाव टाक.

हितेननं फाइल उघडली, सुनंदाचं नाव खोडलं, आपलं लिहिलं, सेव्ह केलं, प्रोग्राम चालवला. खाली आलं, सुनंदा मोरे.

त्यानं फाइल परत उघडली. त्यात त्याचंच नाव होतं. परत सेव्ह केलं, परत चालवलं. सुनंदा मोरे. त्यानं अख्खी ओळ खोडून टाकली. तरी सुनंदा मोरे. ओळ परत लिहिली. शेठ त्याच्या पाठीशी उभे राहून घड्याळ बघत होते. मी स्टुलावर बसून होतो आणि खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटत होतं. येऊ दे म्हटलं, असंच येऊ दे, त्या भागीदारासमोर येऊ दे!

जिन्यात पार्टीवाल्याचा आवाज आला. हितेनच्या कपाळाला घाम फुटला होता. शेठनं ऑफिसभर नजर फिरवली. सुनंदा कोपऱ्यात डबा खात होती.

"सुनंदाबेन," शेठ म्हणाले, "जरा जुओ ने. फेरफार केम नथी आवतो?"

बदल का येत नाही, ते जरा बघा!

तिनं स्क्रीनकडे पाहिलं. काय बदल आहे ते तिला एका नजरेत कळलं. तिनं डब्याचं झाकण लावलं, हात धुतले, पदरानं नीट कोरडे केले आणि हितेनच्या मागे येऊन उभी राहिली. हितेन खुर्चीवरून उठला. ती बसली.

तिनं प्रोग्राम बंद केला. हुकूम टाइप करून मेमरी साफ केली. मॉड्यूल परत लोड केलं. खाली हितेनचं नाव आलं.

"आव्युं!" हितेन म्हणाला.

पण ती उठली नाही. नाव जरा डावीकडे गेलं होतं. तिनं फाइल उघडून ते सरकवून मधोमध आणलं, सेव्ह केलं, परत मेमरी साफ केली, परत लोड केलं, आणि मान थोडी तिरकी करून बघितलं. आता बरोबर मधे होतं.

मग तिनं मला हाक मारली. "भटूभाऊ, तुम्ही बघून घ्या. ज्यानं बदल केला त्यानंच पास करायचा नसतो."

मी स्टुलावरून उठलो, स्क्रीन बघितली आणि म्हटलं, "ओके आहे."